सुकदेव आबांची नाडी: ब्याण्णव

“मना बाप जित्ता शे! हात नका लावा त्याले! कोन म्हनस मरी ग्या?”

गुलाबभाऊ वॉर्डच्या दारात दोन्ही हात पसरून उभे होते आणि असे ओरडत होते, की खाली औषधाच्या दुकानात बाटल्या थरथरल्या असतील. बाप जिवंत आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही. त्यांच्या मागे पारोळ्याकडून आलेली सगळी भावकी जिन्यापर्यंत उभी. समोर डॉक्टर. वीस मिनिटांपूर्वी याच डॉक्टरांनी सुकदेव आबांना मृत घोषित केलं होतं. आणि या दोघांच्या मध्ये, हातात ओला टॉवेल घेऊन, मी.

गुलाबभाऊंनी बोट माझ्याकडे केलं. “ह्या बाईनी मोजी ना नाडी! इचारा तिले!”

डॉक्टरांनी विचारलं, “किती मोजलीस?”

मी म्हणाले, “ब्याण्णव.”

आता मी कोण, ते सांगते. मी नर्स नाही. तेव्हा तर कोणीच नव्हते. जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये नर्सिंग असिस्टंटचा सहा महिन्यांचा कोर्स करत होते आणि त्यातला चौथा महिना चालू होता. नर्सिंग असिस्टंट म्हणजे काय, तर नर्सने करायची नसतात पण झाल्याशिवाय पेशंट जगत नाही अशी सगळी कामं. अंग पुसणं, बेडपॅन देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं. आणि टीपीआर घेणं, म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजून चार्टवर लिहिणं. वय माझं अडतीस, दोन मुलं कॉलेजात, आणि आवाज असा, की मी अमळनेरच्या स्टँडवर हाक मारली तर धुळ्याची गाडी थांबायची. ड्रायव्हर खाली उतरून विचारायचा, काय झालं ताई. आमच्या बॅचच्या अकरा बायकांत दोन क्विंटलचा माणूस एकटीने कुशीवर घेणारी मी एकच होते. दोन क्विंटलचा माणूस कधी आला नाही, ही माझी चूक नाही.

आम्हाला शिकवायला वळवी सिस्टर. नवापूरकडच्या, किडकिडीत, तीस वर्षांची नोकरी. कधी आवाज चढवायच्या नाहीत. त्यांचा एक नियम होता. पेशंटला हात लावण्याआधी त्याला सांगायचं. “आबा, हात धुते हं.” “अक्का, पाय उचलते हं.” पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं.

रेश्मा नावाच्या जामनेरच्या पोरीने एकदा विचारलं, “आणि मेल्यावर हो सिस्टर?”

“मेल्यावरही सांगायचं,” सिस्टर म्हणाल्या. “तो ऐकत नाही, हे तुला काय ठाऊक?”

वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत.

सुकदेव आबा अकरा दिवस आमच्या वॉर्डात होते. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. फक्त एक आवाज उरला होता, “हूं”. नाकातून, लांबट, शेवटी जरा वर जाणारा. मी म्हणायचे, “आबा, कूस बदलते हं.” आबा म्हणायचे, “हूं.” तेवढंच आमचं बोलणं, पण दिवसातून सहा-सहा वेळा. गंमत अशी, की हा हूं फक्त मलाच मिळायचा. त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, रात्रंदिवस उशाशी बसून कानात बोलायची. तिला काही नाही. मुलगा गुलाबभाऊ पेपर वाचून दाखवायचे. त्यांनाही काही नाही.

त्या दिवशी मे महिन्यातली दुपार होती. जळगावचं ऊन मी वाढवून सांगायची गरज नाही, ते आधीच वाढवून येतं. खिडक्यांना ओले पडदे, दोन कूलर घरघरतायत, तरी खिडकीच्या गजाला हात लावला की चटका. दीडच्या सुमाराला आबांचा श्वास थांबला. डॉक्टर आले, छाती दाबली, जे करायचं ते सगळं केलं. ईसीजी काढला. कागदावर रेघ सरळ. अक्काला बाहेर नेलं, आणि सिस्टर मला म्हणाल्या, “मंगल, आज तू कर.”

माणूस गेल्यावर घरच्यांच्या ताब्यात द्यायच्या आधी अंग पुसायचं, नळ्या काढायच्या, डोळे मिटायचे, कपडे बदलायचे. हे काम मी दोनदा पाहिलं होतं, केलं नव्हतं. पडदा ओढला. सिस्टर म्हणाल्या, “मी धुतलेली चादर घेऊन येते. आल्यावर दोघी मिळून कुशीवर घेऊ. तोवर हात-तोंड पूस.”

सिस्टर गेल्या आणि लाइट गेली. दोन्ही कूलर एकदम बंद. तुम्ही दिवसभर कूलरखाली राहिला असाल तर ती शांतता ठाऊक असेल, कानात कापूस कोंबल्यासारखी. पडद्याच्या पलीकडे दुसरे पेशंट होते, पण कोणी खोकेना, कोणी कण्हेना. भर दुपारी दोनला मी त्या पडद्याच्या आत अशी एकटी, जशी सबंध जिल्ह्यात एकटी.

मी तोंड पुसलं. हात पुसले. अंग गरम लागत होतं. वॉर्डच एवढा तापलेला, की मेलेलं माणूस गार व्हायला जागा नव्हती. हे आज कळतं. तेव्हा नुसतं जाणवलं, की आबा तापल्यासारखे लागतायत.

सिस्टर येईनात. मला दम कुठला? मी पलंगाच्या कडेला गेले, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि सवयीने म्हणाले, “आबा, कूस बदलते हं.”

आणि उचलून कुशीवर घेतलं.

“हूं.”

नाकातून. लांबट. शेवटी जरा वर जाणारा.

खोटं सांगत नाही, माझ्या हातापायांतलं रक्त थेट जमिनीत उतरलं. दुसरी कोणी असती तर पळाली असती. मीही पळाले असते, पण माझा एक हात आबांच्या खाली अडकला होता. कसाबसा काढला. मग शिकवलेलं आठवलं, आवाज आला तर नाडी बघ. आबांचं मनगट धरलं, माझ्या घड्याळाकडे बघितलं, आणि लागली. टक्, टक्, टक्. स्पष्ट. भरलेली. मी अख्खं एक मिनिट मोजलं.

ब्याण्णव.

त्यानंतर मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. रेश्मा म्हणते, “आबा बोलले, आबा जिवंत आहेत,” असं. माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. बाहेर बाकावर बसलेल्या अक्काला ऐकू गेलं, जिन्यावरच्या गुलाबभाऊंना ऐकू गेलं, आणि पार्किंगमध्ये शववाहिकेच्या ड्रायव्हरनेही चालू केलेलं इंजिन बंद केलं म्हणतात.

डॉक्टर धावत आले. माझं ‘ब्याण्णव’ ऐकून पडद्याच्या आत घुसले. डोळ्यांत टॉर्च मारला. स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिले. लाइट आली होती, पुन्हा ईसीजी काढला. रेघ सरळ. त्यांनी कागद गुलाबभाऊंच्या समोर धरला.

“मशीन बिघडनं व्हई,” गुलाबभाऊ म्हणाले. “मानूस खोटं बोलनार शे का? तिनी हात धरीसन मोजी.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. हळू बोलले, पण प्रत्येक शब्द दातातून. “कोर्स विसर आता. आजच नाव कमी करायला सांगतो.”

तिकडे अक्का पडद्याच्या आत गेली होती. जमिनीवर बसून तिने आबांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तिच्या तोंडावर जे होतं ते मला बघवेना. ती हसत होती.

“नाडी लागस ना वं बाई,” ती मला म्हणाली. “माले बी लागी राह्यनी.”

तेवढ्यात वळवी सिस्टर आल्या, चादर खांद्यावर. कोणाला काही विचारलं नाही. मला कोपऱ्यात नेलं. तिथे सलाइनचा स्टँड उभा होता.

“जशी आबांची धरलीस, तसा हा धर.”

“स्टँड?”

“धर.”

मी धरला.

“मोज.”

मला वाटलं, सिस्टरचं डोकं फिरलं. पण घड्याळ बघितलं आणि माझ्या हातातलं लोखंड ठोके देऊ लागलं. टक्, टक्, टक्. सलाइनच्या स्टँडला नाडी होती. मी बघतच राहिले. आबांचा हूं ऐकून जेवढी घाबरले नव्हते, तेवढी त्या स्टँडला घाबरले.

“बोटं बघ तुझी,” सिस्टर म्हणाल्या.

मी बघितली. चार बोटं मागे, आणि ठोके घ्यायला पुढे दाबलेला अंगठा. अंगठ्यात आपली स्वतःची नाडी जोरात उडते, म्हणून नाडी कधी अंगठ्याने बघायची नाही. मनगटावर मधली तीन बोटं ठेवायची. पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. तेव्हापासून मी तीन बोटंच लावत आले होते. घाबरले आणि हाताला सुचेल तसं धरलं. ब्याण्णव माझे होते. घाबरलेल्या बाईचे.

“आणि तो आवाज?” मी विचारलं.

“छातीत हवा उरलेली असते. कुशीवर घेतलं की दाबली जाते, गळ्यातून बाहेर पडते. दोघी असतो तर हळू घेतलं असतं.” सिस्टरनी चादरीची घडी उलगडली. “तू ओरडलीस. आता जाऊन तूच सांग.”

“मी? डॉक्टरसाहेब सांगतील ना.”

“डॉक्टरांचं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकलं त्यांनी.”

त्या पडद्यापर्यंतची बारा पावलं मला जळगाव ते भुसावळ पायी गेल्यासारखी झाली. गुलाबभाऊंना मी म्हणाले, “भाऊ, माझं चुकलं. ती नाडी आबांची नव्हती. माझी होती.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मारतील वाटलं. मी म्हणाले, “पलंगाचा हा दांडा धरा. अंगठा दाबून. धरा तर खरं.”

त्यांनी धरला. पहिल्यांदा रागानेच. मग त्यांची मान हळूहळू वाकली. दांड्याकडे बघत राहिले. बराच वेळ सोडला नाही. सोडला तेव्हा ते जाऊन भिंतीला टेकले आणि पुन्हा ओरडले नाहीत.

अक्कापुढे मात्र मला दांडा नेववेना. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिच्या हातावर हात ठेवून सगळं सांगितलं. अंगठ्याचं, हवेचं, आवाजाचं. तिने ऐकून घेतलं. पण आबांचा हात काही सोडला नाही.

“मंग त्यो हूं बी हवाना?” तिने विचारलं.

“हो अक्का. हवेचाच.”

“अकरा दिन मी उशाले बसेल व्हती,” ती म्हणाली. “माले एक हूं करा नही त्यास्नी. तुलेच करा. आते मरीसन बी तुलेच.”

मी ओला टॉवेल पुन्हा हातात घेतला.

मग तीच उठली. म्हणाली, चला, मी बी हात लावस. सिस्टर, ती आणि मी, तिघींनी मिळून आबांना स्वच्छ केलं. या वेळी कूस बदलताना मी सांगितलं नाही. अक्काने सांगितलं. आम्ही तिघी क्षणभर थांबलो. काही आलं नाही. अक्काने त्यांचे केस विंचरले आणि संध्याकाळच्या आत त्यांना गावाला नेलं.

डॉक्टरांना माझं नाव कमी करायचंच होतं. सिस्टरनी त्यांना एवढंच सांगितलं, “आवाज आल्यावर पळाली नाही, नाडी बघितली. चुकीची बघितली, ते मी सुधारीन.” सुधारलं कसं? पुढचा महिनाभर वॉर्डातल्या प्रत्येक माणसाची नाडी मी घ्यायची, सिस्टर शेजारी उभ्या राहून तीच नाडी पुन्हा मोजणार. पेशंट संपले की नातेवाईक, नातेवाईक संपले की वॉचमन. अर्ध्या जळगावची नाडी मी मोजली आहे. रस्त्यात अजून कोणी भेटलं तर मला चेहरा आठवत नाही, मनगट आठवतं.

पास झाले. आज धुळ्यात काम करते आणि नव्या पोरींना मीच शिकवते. त्यांना सांगते, काहीही ऐकू आलं तरी आधी स्वतःची बोटं बघा, मग दुसऱ्याला हाक मारा, आणि हाक हळू मारा.

सर्टिफिकेट हातात पडलं त्या दिवशी मी वळवी सिस्टरांना पेढे द्यायला गेले. त्या टेबलावर चार्टांवर रेघा आखत होत्या. सहज विचारलं, “सिस्टर, तुम्हालाही लागली का हो कधी, गेलेल्या माणसाची नाडी?”

“एकदा. शिकत होते तेव्हा.”

मी मोठ्याने हसले. “म्हणजे तुम्हीसुद्धा अंगठाच लावला होता!”

सिस्टरनी रेघ पूर्ण केली, पट्टी उचलली, खाली सरकवली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी तीन बोटं लावली होती.”