उलट्या विमानाचा कासरा

माझं थर्माकोलचं रिमोटवालं विमान आता हवेत बराबर कूस बदलतं. पण ते शिकताना आम्हा नवरा-बायकोची चांगलीच जुंपली होती.

भोकरदनच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, त्यामुळे हिशेब मला पाठ होता. एका पंखाची पट्टी वर आणि दुसऱ्याची खाली केली, की एक पंख दबतो, दुसरा उचलला जातो आणि विमान कुशीवर वळतं. खरी मेख उलटं झाल्यावर असते. तेव्हा रिमोटची दांडी स्वतःकडे ओढली तर नाक थेट जमिनीकडे जातं. ती पुढे ढकलायची.

सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या आमच्या रानात आधी नवऱ्यानं रिमोट घेतला. विमान उलटं झालं, त्यानं दांडी ओढली आणि विमान ढेकळांत घुसलं. मी भडकले.

“ढकलायची म्हणून किती वेळा सांगितलं!”

“अगं, बैल उधळले की कासरा ओढतोच ना माणूस. हात आपोआप गेला.”

“ते विमान आहे, बैल न्हाईत!”

चिकटपट्ट्या लावून चार दिवसांनी मी स्वतः उडवलं. फळ्यावर काढलेली आकृती डोळ्यांपुढे होती. विमान अलगद उलटं झालं, नाक जरासं झुकलं, आणि जन्मात कधी कासरा न धरलेल्या मी दांडी कचकन ओढली.

नवऱ्यानं शांतपणे सगळे तुकडे वेचले आणि रुमालात बांधून माझ्यापुढे धरले.

“मंग मॅडम,” तो म्हणाला, “तुमचे बैल कामून उधळले?”