साडूभाऊंचे एक्सपीवाले

जुन्या संगणकांची बाजू घेणारा पृथ्वीतलावरचा शेवटचा माणूस मुलुंड पूर्वेला राहतो, तो माझा साडू आहे, आणि एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेल्यावर मी घरात शिरून पहिलं काम काय केलं असेल, तर मोबाइल चार्जिंगला लावायला म्हणून त्यांच्या सगळ्यांत जुन्या संगणकाचा प्लग काढला. मला वाटलं, खिडकीखालचं ते पिवळट धूड शोभेला ठेवलंय. त्याच्यावर माझ्या मेहुणीचं, म्हणजे ताईंचं, इडलीपात्र होतं, बाजूला कोथिंबिरीची कुंडी, आणि पडदा काळाकुट्ट. त्या काळ्या पडद्याआड शुक्रवारपासून काहीतरी शिजतंय हे मला कसं कळावं? साडूभाऊ ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि दारातच थबकले. धूड घरघरत नाही हे डोळ्यांआधी त्यांच्या कानांना कळलं होतं. माणूस जन्माने मुलुंडचा, पण आघात झाला की भाषा थेट मालवणात जाऊन पोचते. "मेल्या," ते म्हणाले, "ह्यां काय केलंस रे!"

"बॅटरी संपत आली होती," मी म्हणालो.

"तुझी बॅटरी वाचली, माझी अख्खी टेस्ट गेली!" असं म्हणून त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि धुडाशेजारी जमिनीवर बसले. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे. ताई आतून ओरडल्या, "जाऊ दे हो, दोघांपैकी एक तरी बंद झालं!" दोघे कोण ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

साडूभाऊ दिवसा एका औषध कंपनीचे संगणक सांभाळतात आणि उरलेल्या वेळात जगाचे. त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच काही हौशी मंडळींनी मिळून मराठी मजकूर मांडून छापायचं एक सॉफ्टवेअर बनवलंय. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची बोलावणी, 'उद्या पाणी येणार नाही' छापाच्या सोसायटीच्या सूचना, सगळं त्यात होतं. फुकट मिळतं. फुकट तर आहेच, वर ओपन सोर्स आहे. त्यांनी मला हे एकदा समजावलं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं ते असं, की आपण गावजेवण घालायचं, पाककृती दारावर चिकटवायची, आणि कुणी अनोळखी माणूस स्वयंपाकघरात घुसून आमटीत गूळ घालून गेला तर त्याचे आभार मानायचे. ताईंना हा प्रकार मुळीच पसंत नाही. "परक्याने गूळ घातला तर थँक्यू, आणि मी घातला तर तोंड वाकडं," असं त्या म्हणतात.

आता ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हेही मला त्यांनीच सांगितलं. म्हणाले, संगणकातली ती अशी एक व्यक्ती समज, जी प्रत्येकाला कामं वाटून देते, कुणाला काय हवं-नको ते बघते, आणि आजारी पडेपर्यंत ती आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मी बायकोकडे बघितलं. बायको ताईंकडे बघत होती. मी तो विषय तिथेच थांबवला. तर ही सिस्टीम दर काही वर्षांनी नवी निघते, जुनी म्हातारी होते, आणि मग तिला जन्म देणारेसुद्धा तिची चौकशी करत नाहीत. एक्सपी, सेव्हन ही त्यातली वडीलधारी मंडळी. नवं सॉफ्टवेअर त्यांच्यावरही चालावं असं वाटत असेल, तर वेगळी खटपट करावी लागते. ती करायला कुणी राजी नसतं. साडूभाऊ एका पायावर तयार. त्यासाठी, म्हणजे सॉफ्टवेअर सलग चालवून तपासायला (हीच ती टेस्ट), त्यांनी प्रत्येक पिढीचा एकेक संगणक घरात पाळलाय. एक पलंगाखाली, एक माळ्यावर, एक देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात (हा उदबत्तीच्या धुरावर फार छान चालतो असं त्यांचं ठाम मत आहे), आणि घरातला सर्वांत ज्येष्ठ, एक्सपीवाला, खिडकीखाली, कारण त्याला वारा लागतो. रविवारी सकाळी अंघोळ झाली की साडूभाऊ ओल्या फडक्याने एकेकाला पुसतात, सुरू करतात आणि जरा वेळ जवळ बसतात.

असल्या माणसाला घराबाहेर नेणं जोखमीचं असतं. दुकान असो, दवाखाना असो, समोरच्या माणसाच्या आधी त्यांना त्याचा संगणक दिसतो. बँकेत काउंटरवरून अर्धे आत वाकून ते पडदा न्याहाळत होते, तेव्हा वॉचमनने येऊन त्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं होतं. घाटकोपरला त्यांची दाढ काढायला मीच सोबत गेलो होतो. तोंड वासलेलं, तोंडात नळी, डॉक्टरबाईंनी हत्यार उचललं आणि हे हातवारे करून काहीतरी ओरडायला लागले. दुखतंय समजून बाईंनी आणखी एक इंजेक्शन दिलं. तरी बोट समोर रोखलेलंच. नळी काढल्यावर बधिर जिभेने म्हणाले, "मॅडम, तो एक्स-रेवाला कॉम्प्युटर एक्सपीवर आहे ना?" बाई ओशाळल्या. "बदलायचाय हो," म्हणाल्या. "छे छे, फक्त नेट लावू नका," हे म्हणाले, आणि अर्धा चेहरा बधिर असूनही उरलेल्या अर्ध्यावर असा आनंद पसरला, की जणू परमुलखात गाववाला भेटलाय.

ज्या रविवारी मी प्लग काढला, त्याच्या पुढच्या रविवारी त्यांच्या मंडळाची सभा होती. ऑनलाइन, म्हणजे प्रत्येकजण आपापल्या घरातून आपापल्या घरच्यांना 'आवाज बंद करा' असं सांगत भाग घेतो ती. नव्या आवृत्तीत जुन्या कोणत्या सिस्टीम ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे त्यात ठरायचं होतं. तरुण मंडळींचं म्हणणं, एक्सपी आणि सेव्हन दोन्ही सोडा. यांची पुढारी नाशिकची एक मुलगी, अतिशय हुशार आणि त्याहून अतिशय नम्र, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नाही. "काका, जुन्यांसाठी सगळं नवं अडकून पडलंय," ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. तिने रीतसर मंडळाच्या संकेतस्थळावर सूचनाही लावली, की जुन्या सिस्टीमवर कुणी हे वापरत असल्यास सभेपूर्वी कळवावे. कुणीही कळवलं नाही.

"कळवतील कसं?" साडूभाऊ मला म्हणाले. "एक्सपीवर ते पान उघडतच नाही! आणि वेबसाइटवर लिहून टाकलं म्हणजे विचारलं का रे?"

इथे आमच्या सासरची एक गोष्ट सांगायला हवी. त्या कोकणी गोतावळ्यात फोनवरचं आमंत्रण हे आमंत्रण धरत नाहीत. घरी यायचं, अक्षता आणि पत्रिका हातात द्यायची, टेकायचं, निदान पाणी प्यायचं. एका चुलतभावाने सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवली, तर अख्ख्या वाडीतून लग्नाला कुणी फिरकलं नाही, आणि वाडी अजून सांगते की आम्हाला बोलावणंच नव्हतं. साडूभाऊ तर या बाबतीत कळस. लेकीच्या लग्नात ते अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरीही जाऊन आले. मी म्हटलं होतं, "अहो, ते काय येणार?" तर म्हणाले, "येणार नाही हे त्यांनी ठरवायचं. आपण कोण ठरवणार?"

तोच कायदा त्यांनी इथे लावला. पूर्वी ज्यांच्याकडे स्वतः जाऊन सॉफ्टवेअर घालून दिलं होतं, त्यांच्याकडे पुन्हा जायचं आणि तोंडाने विचारायचं. एक जरी एक्सपीवाला निघाला, तर सभेत जुन्यांसाठी भांडायचं. एकही नाही निघाला, तर गुमान हात वर करायचा. आणि तसं झालं तर सगळी धुडं घरातून हलतील असं वचन ताईंनी त्यांच्याकडून घेतलं होतं, कारण खिडकीखालच्या उजेडात त्यांना आपलं शिवणयंत्र ठेवायचं होतं. "प्लग तू काढलास," साडूभाऊ मला म्हणाले, "तेव्हा गाडी तुझी, आणि माझी वायरींची पिशवीही तूच उचलायची."

शनिवारी सकाळी निघालो. पहिला मुक्काम खारदांडा, मासेमारांच्या सोसायटीचं ऑफिस. तिथल्या काकांनी साडूभाऊंना मिठी मारली, चहा पाजला आणि सांगितलं, "भाऊ, आता सगळा कारभार मोबाइलवर. तुमचा तो कॉम्प्युटर? त्या कोपऱ्यात मांजर व्यालीय त्याच्यावर." साडूभाऊंनी पिल्लं बघितली, छान आहेत म्हणाले. निघताना काकांनी सुक्या बोंबलांचा पुडा दिला, तो माझ्या गाडीत दिवसभर आमच्याबरोबर हिंडला, आणि आजही पुरता उतरलेला नाही. मग चेंबूर. तिथल्या टायपिंग क्लासच्या जागी केकचं दुकान झालं होतं. साडूभाऊंनी आशेने बिलाच्या मशीनमागे डोकावून पाहिलं. कोरं करकरीत. "वा, छान घेतलंय," ते त्या पोरीला म्हणाले, आणि गरज नसताना दोन पेस्ट्र्या घेतल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी पेस्ट्रीचा डबा मांडीवर ठेवला. सिग्नलला म्हणाले, "नसेल रे कुणी. इतकी वर्षं मी रिकाम्या पंगतीत वाढत होतो की काय?" मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पेस्ट्री खायची का?"

शेवटचं ठिकाण गोवंडीला, झेरॉक्स-लॅमिनेशन-पत्रिकांचं एक गाळ्याएवढं दुकान. ज्या गृहस्थांना त्यांनी सॉफ्टवेअर दिलं होतं ते आता नव्हते. गल्लीच्या तोंडाशीच साडूभाऊंनी माझा दंड धरला. "थांब. ऐकलंस?" मला रिक्षांशिवाय काही ऐकू आलं नाही. ते मात्र कान टवकारून चालत सुटले आणि दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. आत बुद्धाच्या मूर्तीशेजारी खिडकीखालच्या धुडाचा सख्खा भाऊ घरघरत होता, आणि त्याच्यासमोर बसून एक पन्नाशीच्या वहिनी मंगल परिणयाची पत्रिका जुळवत होत्या. साडूभाऊंच्या सॉफ्टवेअरमध्ये.

"काय काढायचंय?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. हे एक्सपी ना?"

"हो. का? कुठून आलात तुम्ही?" त्यांनी संशयाने आम्हाला खालून वर पाहिलं. बोंबलांचा वासही आला असावा.

"हे सॉफ्टवेअर, हे… हे मी केलंय."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "खरं सांगतायत?"

"खरं आहे," मी म्हणालो. "मी फक्त पिशवी उचलतो."

मग स्टूल पुढे आलं, चहा आला. हे दुकान वहिनींच्या सासऱ्यांनी, म्हणजे त्याच गृहस्थांनी काढलं, तेव्हापासून पत्रिका यातच होतात, हे कळलं. साडूभाऊंचा चेहरा आता चारी बाजूंनी उजळला होता. ते जरा पुढे सरकले आणि दोन्ही हातांनी अक्षता द्याव्यात अशा सुरात म्हणाले, "वहिनी, आमची नवीन आवृत्ती येतेय. ती तुमच्या या मशीनवर चालायला हवी की नको, एवढंच विचारायला आलो."

"नवीन?" वहिनींनी चटकन माउसवर हात ठेवला. "नको हो दादा! हा प्रिंटर याच्यावरच चालतो. मागे एकजण अपडेट करून देतो म्हणाला, ऐन लग्नसराईत वाट लागली. हे झकास चाललंय ना, हात नका लावू."

"म्हणजे नवीन आलं तरी तुम्ही घेणारच नाही?"

"कशाला घेऊ?"

साडूभाऊ कपाकडे बघत बसले. आमंत्रण द्यायला मुंबई पालथी घातली, आणि पाहुणे जेवून हात धुऊन बसलेले. येणार नाही हे त्यांनी ठरवायचं असतं. वहिनींनी ठरवलं होतं. आम्ही उठलो. तेवढ्यात वहिनी सहज म्हणाल्या, "पानातली शेवटची ओळ छापताना कापते तेवढी. म्हणून मी खाली एक रिकामी ओळ सोडते. पहिल्यापासून सवयच झालीय."

साडूभाऊ पायरीवरच वळले. "पहिल्यापासून? मग कळवलं का नाही?"

"फुकटचं जेवायचं, वर मीठ कमी म्हणून ओरडायचं, बरं दिसतं का?"

दुसऱ्या दिवशी सभेत एक्सपी आणि सेव्हन सोडायला पहिला हात साडूभाऊंनी वर केला. नाशिकच्या मुलीने भांडणाची तयारी केली होती, ती फुकट गेली. "फक्त जुन्यांसाठी एक शेवटची आवृत्ती काढू दे," ते म्हणाले. "नवीन काही नाही. एक ओळ कापतेय, ती दुरुस्त करतो." ती म्हणाली, "काका, तुम्ही करा. तोवर आम्ही थांबतो." आणि खरंच थांबले सगळे. खिडकीखालच्या धुडावर टेस्ट पुन्हा लागली. या वेळी मी त्या प्लगशेजारी खुर्ची टाकून पहारा दिला, माझा मोबाइल बंद पडला तरी उठलो नाही.

पेनड्राइव्ह घेऊन आम्ही गोवंडीला गेलो. 'घरी अशाच मशीनवर चालवून बघितलंय' असं साडूभाऊंनी तीन-चारदा सांगितल्यावर वहिनींनी माउस सोडला. पत्रिका बाहेर आली. अगदी तळाला ती लाडिक ओळ असते ना, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', ती पूर्ण छापली होती, खाली रिकामी ओळ न सोडता. वहिनींनी कागद उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अरे, हे असं यायला हवं होतं होय!" साडूभाऊंनी ती पत्रिका मागून घेतली. लग्न कुणाचं, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

नंतर आम्ही मुलुंडला गेलो, तर धुडं गेलेली. खिडकीखाली ताईंचं पायांनी चालवायचं शिवणयंत्र होतं, त्यांच्या आईंच्या वेळचं. साडूभाऊ मजेत होते, नव्या आवृत्तीला लोक नावाजताहेत म्हणाले, जेवताना आमटीत गूळ आहे हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही. फक्त मधूनच ते बोलायचे थांबत आणि खिडकीकडे कान देत. माझा मोबाइल नेहमीप्रमाणे मरायला टेकला होता. प्लगची जागा मोकळी होती. मी चार्जर हातात घेतला आणि परत खिशात घातला.

घरी येताना हे मी बायकोला सांगितलं. आपण या वेळी तरी शहाण्यासारखं वागलो, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी लाव हं तिथे चार्जर. ते भोक रिकामं दिसतं ना, तेच भाऊजींना लागतंय."