पाचवर थांबवलेलं घड्याळ

बदलापूरकरांनो, आत्ता कुठे घरी पोचले.

आमदारांची भाषणं शॉर्टहँडमध्ये टिपणं ही माझी कंत्राटी नोकरी. आज कामकाज संपेना, म्हणून सभागृहातलं घड्याळ पाचवर थांबवलं. तशी पद्धतच आहे. कागदोपत्री वेळ पुढे जात नाही. काम मात्र चालूच.

इकडे हेंद्रेपाड्याच्या पाळणाघरात माझी लेक चिऊ ताटकळलेली. शेवटी धीर करून आमच्या विभागाच्या साहेबांना विचारलं, "सर, पाचनंतरचा ओव्हरटाइम धरणार ना?"

साहेब घड्याळाकडे बघून हसले. "मॅडम, पाच वाजून गेलेत कुठे?"

सगळेच हसले. मग साहेब खिशातून पेन काढत म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव काय हो?"

मी सांगून बसले.

तुमच्यापैकी कुणी ओव्हरटाइम मागून दुसऱ्या दिवशी कामावर गेलंय का? गेटवर पास चालला होता?