पोटाखालचा ओघळ

बहगत उस्ताची खासियत विमानाचं मॉडेल बनवण्यात नव्हती, ते जुनं करण्यात होती. वीतभर लांबीचं मिग तो आधी झकास रंगवायचा आणि मग आठ दिवस खपून त्याची रया घालवायचा. स्पंजानं टवके उडवायचे, खडूच्या भुकटीची काजळी फासायची, पातळ तेलरंगाचे ओघळ सोडायचे. इजिप्तमधल्या झगाझीग गावातल्या त्याच्या बाल्कनीत निवृत्त वैमानिक यायचे आणि आपलं विमान बघून डोळे पुसायचे. फोटोत दिसेल तेवढंच रंगवणार, ठिपका कमी नाही की जास्त नाही, असा खाक्या! तीस वर्षं विमानांचा मेकॅनिक होता तो. कुठला डाग कुठल्या नळीचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं.

पण महिन्यापूर्वी इजलाल हानेम या म्हाताऱ्या बाईनं फोटो हातात ठेवला आणि त्यानं तो बघताक्षणी पालथा घातला.

तिचा नवरा, कॅप्टन शुक्री, पंखाजवळ हसत उभा. मरणाच्या आदल्या संध्याकाळचा फोटो. विमानाच्या पोटाखाली तेलाचा ओघळ, दोऱ्याएवढा. दुसऱ्या दिवशी पहाटे बहगतनंच तो फडक्यानं पुसला होता आणि तपासणीच्या कागदावर ‘ठीक’ लिहून सही ठोकली होती. नळी उघडायची तर तास मोडला असता. विमान उडालं आणि पडलं. चौकशीवाल्यांनी लिहिलं, चूक वैमानिकाची. बहगत गप्प बसला. चव्वेचाळीस वर्षं गप्प बसला, भेकड मेला!

आज शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर ती विमान न्यायला येणार होती. आणि बहगतनं सवयीच्या हातानं तो ओघळ हुबेहूब रंगवून ठेवला होता.

“अहो, मुलुखियाच्या पाल्याचं कालवण गार झालं,” बायको जकिया म्हणाली. “विमानाच्या बुडाकडे काय टक लावून बसलात? माझ्याकडे कधी एवढं बघितलं नाहीत!”

त्यानं ताट बाजूला सारलं.  ओघळ ठेवावा तर ती विचारणार, हे काय? पुसावा तर फोटोशी जुळणार नाही. पण म्हातारीला दोऱ्याएवढी रेघ कुठली दिसतेय?

दाराची बेल वाजली. त्यानं कापसाची काडी थिनरमध्ये बुडवली आणि ओघळ पुसून टाकला.

इजलाल हानेम काठी टेकत आली, बसली. विमान हातात घेतलं आणि वरून न बघताच उलटं केलं. पर्समधून भिंग काढलं. 

“फोटो काढला त्या रात्री जेवताना शुक्री म्हणाला होता, पोटाखाली ओघळ आलाय, बहगत सकाळी बघेल. चौकशीत माझं कुणी ऐकलं नाही,” ती म्हणाली. “वाटलं, हा उस्ता फोटोतलं सोडत नाही. हा तरी दाखवेल.”

टेबलावर कापसाची काळी झालेली काडी पडली होती. तिनं ती उचलून हुंगली.

“त्या दिवशीपण असंच पुसलंस का रे?”

बहगतला खोटं बोलायचं होतं. 

“हो,” तो म्हणाला.

जकियानं चहाचा ट्रे दारातच खाली ठेवला. इजलाल हानेमनं विमान त्याच्यासमोर सरकवलं.

“रंगव आता. मी बसलेय इथंच. आणि खाली सही कर.”