तीन बोटं कमी

निर्मलाने डब्याच्या पिशवीतून दोरी काढली, तेव्हा मी हसलो. गालातल्या गालात नाही, चारचौघांत मोठ्याने हसलो.

समोर, खोपोलीच्या आमच्या कारखान्याच्या गोडाऊनमध्ये, महिला कबड्डीचं अख्खं मैदान अंथरलेलं होतं, बारा मीटर बाय आठ. निळ्या आणि पिवळ्या मॅटचे शहाण्णव चौकोनी तुकडे, एकमेकांच्या दातांत दात अडकवून बसवलेले. दुसऱ्या दिवशी युरोपातून इन्स्पेक्टर येणार होती. ती हो म्हणाली की अशी सहा मैदानं कंटेनरमध्ये चढणार होती. आणि पॅकिंगमधली ही बाई नायलॉनच्या दोरीने माझं काम तपासायला निघाली होती. मी क्वालिटी मॅनेजर. माझ्याकडे डिजिटल वजनकाटा होता, कडकपणा मोजायचं काट्याचं मीटर होतं, आणि दरवर्षी मुंबईहून दाखला घेऊन येणारी मोजपट्टी होती.

थोडं मागे जातो. आमचा कारखाना मुळात चपलांच्या तळव्यांचा. फोमच्या शीट तयार करायच्या, त्यातून तळवे कापायचे. मग बाहेरून इतके स्वस्त तळवे यायला लागले की आमचे कोणी विचारेना. त्याच सुमाराला कबड्डी टीव्हीवर चढली. लीग आल्या, परदेशी खेळाडू आले, पायात बूट आले. मातीवर खेळणारी कबड्डी मॅटवर गेली. आमच्या जनरल मॅनेजरांनी, दळवींनी, एका संध्याकाळी टीव्ही बघता बघता ओळखलं की ही मॅट म्हणजे जाड तळवाच आहे. आम्ही मॅट करायला लागलो, आणि कारखाना वाचला.

मला स्वतःला कबड्डी येत नाही. शाळेत माझा दम दोन पावलांत संपायचा, म्हणून मास्तरांनी मला गुण लिहायला बसवलं. तिथेही मी एकदा हरलेल्या संघाला जिंकवलं. तेव्हापासून मी मैदानापासून लांब राहिलो आणि शेवटी मैदानंच बनवायला लागलो.

निर्मलाचं उलट. खालापूरकडच्या एका गावातून ती सकाळी सहा आसनी रिक्षाने यायची. दिवसभर मॅटच्या तुकड्यांचे गठ्ठे बांधायची आणि संध्याकाळी गावच्या महिला संघाची कप्तान व्हायची. आमच्या पॅकिंगमधल्या पाच जणी त्या संघात होत्या. जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्या दोन वर्षं हरत होत्या, कारण चाचणी आता मॅटवर व्हायची आणि यांचा सराव मातीवर. मातीत पाय घसरवून थांबता येतं, मॅटवर पाय जिथल्या तिथे चिकटतो आणि गुडघा पुढे जातो. यंदाची चाचणी महिन्यावर आली होती, कर्जतला. निर्मला तिशीला टेकली होती. तिच्या मते ही तिची शेवटची संधी होती.

म्हणून त्या शनिवारी ती माझ्या टेबलाशी आली.

"साहेब, उद्या मैदान अंथरनार ना? आमाला अर्धा तास खेळू द्या."

"एक्स्पोर्टचा माल आहे, निर्मला. त्याला पाय लागता कामा नये."

"साहेब, त्यो पायच लावाया बनवलाय ना?"

मी एक फॉर्म काढला, त्यावर 'परफॉर्मन्स टेस्ट' असं लिहिलं आणि परवानगी दिली. असा फॉर्म आमच्याकडे नव्हता. मी तो त्याच वेळी तयार केला, वर नंबरही टाकला.

रविवारी पाचही जणी आल्या. पाय धुवून, पुसून मॅटवर उतरल्या. आणि खेळायच्या आधी निर्मलाने ती दोरी काढली.

"हे काय?" मी विचारलं.

"मैदानाची दोरी. गावात आमी हिच्यावरच आखनी करतो. दोरी तानायची, गाठीगाठीवर चुन्याची फक्की टाकायची. गुरुजींनी शाळंच्या टेपनं मापून गाठी मारल्यात." तिने एक टोक एका मुलीच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन बारा मीटर चालत गेली. दोरी ताणली. शेवटची गाठ मॅटच्या बाहेर सिमेंटवर टेकली.

"साहेब, तीन बोटं कमी पडतंय."

इथे मी हसलो. मग तिला आणि बाकीच्या चौघींना मी कॅलिब्रेशन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मोजायचं साधनसुद्धा आधी मोजून घ्यावं लागतं, त्याचा दाखला असतो, दोरी ताणली की लांबते, उन्हाने बदलते, वगैरे. दहा मिनिटं बोललो. अर्ध्या तासातली दहा मिनिटं अशी गेली, हे मला नंतर कळलं.

"बरं साहेब," ती म्हणाली आणि दोरी गुंडाळून डब्याशेजारी ठेवली. "पन तीन बोटं म्हंजी लय झालं. आमची मॅच अंगठ्याच्या नखावर जाती."

मग त्या वीस मिनिटं खेळल्या. मी खुर्चीवर बसून फॉर्म भरला. शेरा लिहिला: समाधानकारक.

सोमवारी इन्स्पेक्टर आली. मार्ता नावाची, पंचविशीतली, पाठीवर एक छोटी सॅक. आम्ही तिच्यासाठी हार, नारळ आणि मोठा प्रोजेक्टर तयार ठेवला होता. तिने हार घेतला, नारळाचं काय करायचं ते विचारलं आणि प्रोजेक्टर बंद करायला सांगितलं. मग सॅकमधून तीस मीटरची स्टीलची टेप काढली. मी एका टोकाला पाय ठेवून उभा राहिलो. तिने दुसऱ्या टोकाला वाकून आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"अकरा मीटर पंच्याण्णव," ती इंग्रजीत म्हणाली.

पाच सेंटिमीटर कमी. मी माझी तीन बोटं जोडून बघितली. बरोबर तेवढीच भरली.

"मॅडम, प्रत्येक तुकडा टॉलरन्समध्ये आहे," मी म्हणालो. टॉलरन्स म्हणजे चालवून घ्यायची चूक. एक मीटरच्या तुकड्याला पाच मिलिमीटर इकडे किंवा तिकडे चालतं. मी रजिस्टर पुढे केलं. तिने पान उलटलं.

"सगळे तुकडे चार मिलिमीटर कमी आहेत. एकही जास्त नाही."

"पण पाचच्या आत आहेत."

"मिस्टर पेठे, आमच्या मुली तुकड्यावर खेळणार नाहीत. मैदानावर खेळणार आहेत."

चार मिलिमीटर गुणिले बारा तुकडे. चौथीतलं गणित. मी शहाण्णव वेळा टिक केली होती आणि एकदाही बेरीज केली नव्हती.

चूक कशी झाली तेही सांगतो. फोमची शीट भट्टीतून निघते तेव्हा गरम पावासारखी फुगलेली असते. थंड होताना ती आकसते, आणि पूर्ण आकसायला आठवडा लागतो. तोवर कापायची नाही, असा नियम आहे. नियम मीच लिहिलेला. पण ऑर्डर नेहमीसारखी घाईची होती. दळवी म्हणाले, "दोन दिवसांत कापू, काय फरक पडतो?" आणि मी म्हणालो, "फार नाही सर." कापलेले तुकडे मग गठ्ठ्यात बसून निवांत आकसत राहिले.

मार्ताने सहाही मैदानं नापास केली. नवीन करायला तीन आठवडे दिले. ती गाडीत बसल्यावर दळवींनी गोडाऊनमध्येच सगळ्यांसमोर मला विचारलं, "पेठे, एवढी मोठी चूक. तुम्हाला कोणीच सांगितलं नाही?"

निर्मला तिथेच होती, पाच हातांवर, गठ्ठ्याला पट्टी मारत. तिची डब्याची पिशवी खिळ्याला लटकत होती.

"नाही सर," मी म्हणालो.

निर्मलाने मान वर केली नाही. पट्टी मारायचं काम तेवढं चालू ठेवलं. मला फार लाज वाटली. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला फक्त पहिली जमली.

लाजेपोटी मी एक काम केलं. नापास मैदानांपैकी एक निर्मलाच्या गावाला द्यावं म्हणून दळवींच्या मागे लागलो. ते वैतागून म्हणाले, "द्या, तेवढी जागा तरी मोकळी होईल." मी आनंदाने सांगायला गेलो, तर निर्मला म्हणाली, "साहेब, पाच सेंटीमीटरची पट्टी कापून द्या. कमी मैदानावर सराव केला तर पाय तसंच शिकतील."

निळी आणि पिवळी शीट नव्या ऑर्डरला लागणार होती. शिल्लक होती ती लेडीज चपलेची, गुलाबी. तिची बारीक पट्टी कापून दिली. बाजूच्या कडांनाही दिली. युरोपसाठी केलेलं मैदान गुलाबी काठ लावून खालापूरला गेलं.

मॅट समाजमंदिरात अंथरायच्या दिवशी मला बोलावणं आलं. जाऊन बघतो तर दारावर दोन फ्लेक्स. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. एका फ्लेक्सवर एक नेते 'आंतरराष्ट्रीय दर्जाच्या मॅटचे दाते' होते, दुसऱ्यावर दुसरे 'अथक पाठपुराव्याने' होते. दोघांनी नारळ फोडले. आमच्या कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, आणि माल बघता ते बरंच झालं. मला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. एका आजीने विचारलं, "तुमी कोन रं बाबा?" मी म्हणालो, "चपलेच्या कंपनीत असतो."

त्यानंतर तीन आठवडे त्या पाच जणी रोज संध्याकाळी तिथे खेळल्या. सकाळी कामावर येताना गुडघ्याला हळद लावलेली असायची. मॅटवर कातडी कशी सोलवटते ते मी रिपोर्टमध्ये कधी लिहिलं नव्हतं. इकडे आम्ही नवीन शीट आठवडाभर झोपू दिल्या, मग कापल्या. मी या वेळी अख्खं मैदान मोजलं. बारा मीटर. सहाही मैदानं पास झाली आणि कंटेनर गेला.

कर्जतची चाचणी रविवारी होती. मी गेलो नाही. माझं पाऊल मैदानाला लाभत नाही, असं मी घरात सांगितलं. खरं तर निर्मला हरलेली मला बघवली नसती. दुपारी तिचा फोन आला.

"साहेब, झाली निवड. माजी आन आपल्या पॅकिंगच्या सुरेखाची."

मी खुर्चीतून उठलोच. "शाब्बास! मॅटवर पाय बसला ना?"

"पाय बसला. पन सकाळी घोटाळा झाला. खेळायच्या आदी मी दोरी लावली."

"तिथे पण?"

"सवय हाय ना साहेब. तर मैदान कमी भरलं. पंच हसले. मग एकानं टेप आनली, आन त्यांचं हसू गेलं. पट्ट्या चिकटवून समद्या रेषा नव्यानं आखल्या, तासभर गेला."

"किती कमी होतं?"



"तीन बोटं."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "साहेब, पंचांनी कोपऱ्यातला तुकडा उलटा केला. खाली क्वालिटी पासचा शिक्का होता. दोन वर्सांपूर्वीचा. वर सही."

"माझी?"

"पंच मला बोलले, तू त्याच लायनीत कामाला हाईस ना, ही सही कोनाची? मी बोलले, नाय वळखत."

दोन वर्षं ती त्याच मॅटवर, माझ्या सहीवर उभी राहून हरत होती. आणि आज तिने मला ओळख दिली नाही ती माझ्या भल्यासाठी. मी 'नाही सर' म्हणालो होतो, ते स्वतःच्या भल्यासाठी.

सोमवारी मी दळवींच्या केबिनमध्ये गेलो. त्यांच्या महिन्यापूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हणालो, "सांगितलं होतं सर. पॅकिंगच्या निर्मलाने, आदल्या दिवशी, दोरी लावून. मी हसलो होतो." कर्जतच्या मॅटचंही सांगितलं. ते म्हणाले, "आधी गेलेला सगळा माल शोधा." तो शोधण्यात माझे निवृत्तीपर्यंतचे पाच महिने गेले. एकूण अकरा मैदानं निघाली, अकराही माझ्या सहीची. प्रत्येक ठिकाणी मी स्वतः पट्टी घेऊन गेलो.

आमच्या तपासणीच्या यादीत चौदा चाचण्या होत्या. जाता जाता मी पंधरावी घातली: पूर्ण मैदान अंथरून लांबी मोजणे, दोन साधनांनी. पहिल्या साधनापुढे स्टीलची टेप लिहिली. दुसऱ्यापुढे दोरी लिहिली. ऑडिटरने विचारलं, दोरीचा दाखला कुठे आहे? मी त्याला पॅकिंगमध्ये पाठवलं.