बर्फावरचं ऊन

लेक मैत्रिणींबरोबर स्कीइंगला निघाली, म्हणून कपाटातली सनस्क्रीन काढली. झाकण उघडताच खोबऱ्याचा वास आला.

ती सहा वर्षांची असताना आम्ही असेच मार्चमध्ये निघालो होतो. नागपूरहून आमच्याकडे आयर्लंडमधल्या लिक्सलिपला आलेल्या माझ्या आईने दारातच तिच्या गालांना खोबरेल चोपडलं.

"थंडी बाधन ना पोरीले!"

"अगं आई, बर्फावरचं ऊन भाजतं. तेलाने तळून निघेल ती!"

आई पदराने नातीचे गाल पुसू लागली. तेल गेलं तरी पुसतच राहिली. टॅक्सी हॉर्न वाजवत होती.

"मॅम, आय ॲम ग्रँड! काही होत नाही मला, तिथे गेल्यावर लावते," आज मी गालांना सनस्क्रीन लावायला गेले तशी लेक इथल्या आयरिश पोरींसारखी आईला 'मॅम' म्हणत हसली.

मी ट्यूब तिच्या बॅगेत टाकली आणि रिकामेच हात तिच्या गालांवरून फिरवत राहिले.