शिट्टीवाला उमेदवार

आमच्या समोर राहणारा गृहस्थ नगरपालिकेला अपक्ष उभा राहिला, याला माझी हरकत नव्हती. पण त्याला निशाणी मिळाली शिट्टी, आणि तिथून गल्लीची झोप गेली. त्याने अकोल्याहून पिशवीभर शिट्ट्या आणल्या आणि रोज उजाडता उजाडता दारोदार वाजवू लागला. मी एकदा चिडून बोललो, तर म्हणाला, "सकाळी मानूस घरी सापडते भाऊ. पटते का?" दर वाक्याला त्याचं हे 'पटते का' ठरलेलं. नाही म्हटलं तर तो पुन्हा पहिल्यापासून समजावतो, म्हणून सगळे हो म्हणून मोकळे होतात.

आमच्याकडे कचरागाडीवालाही शिट्टीच वाजवतो. त्यामुळे सुरुवातीला बाया बादल्या घेऊनच बाहेर आल्या. याने हात जोडले आणि बादल्या कोपऱ्यावरच्या कुंडीपर्यंत नेऊनही दिल्या. मग बाया शहाण्या झाल्या. शिट्टी वाजली की घरातूनच ओरडायच्या, "देऊ भाऊ, मत तुमालेच देऊ." त्यात खरी गाडी निघून जायची आणि कचरा घरातच राहायचा.

शेवटी तो पडला, तेही दणकून. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शिट्टी वाजली आणि माझं डोकंच फिरलं. "देलं ना भाऊ, तुमालेच देलं," मी पांघरुणातूनच ओरडलो. घराघरातून तेच ऐकू आलं.

खिडकीतून पाहिलं तर बाहेर कचरागाडी उभी होती. तो चहाचा कप घेऊन आपल्या ओट्यावर बसला होता. एकेका दाराकडे पाहत म्हणाला, "सगळेच देलं म्हन्ता. मंग मी पडलो कसा?"